धारण तलावात उगवलेलं जंगल

जुलैमध्ये नवी मुंबईतल्या वाशीच्या सखल सेक्टरांत पाणी तुंबलं की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. महापालिका सांगते, उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. रहिवासी सांगतात, पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावातला गाळ वर्षानुवर्षं निघालेला नाही. पर्यावरणवाले सांगतात, तलावाला हात लावायचा नाही, तिथं कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणून हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे. एका तलावावर किती कायदे लागू होतात आणि तरीही तो कुणाचाच कसा राहत नाही, हे इथं स्पष्ट दिसतं.

तलाव आला कुठून

ठाणे-बेलापूर पट्टीची खाडीकाठची जमीन मुळातली खाजणाची, म्हणजे भरतीचं खारं पाणी चढणारी. आगरी-कोळी गावांनी खाडीच्या कडेनं मातीचे बांध घातले, आत भात पिकवला, मिठागरं मांडली आणि बांधाला उघाडी ठेवली. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी खाडीत जायचं, भरतीला उघाडी मिटायची आणि खारं पाणी बाहेर थोपायचं. बांध फुटला तर शेत काही वर्षं कामातून जायचं, त्यामुळे बांधाची राखण हा गावाचा रोजचा उद्योग होता. सरकारनंही या कामासाठी वेगळा कायदा केला होता. १९४८ चा खार जमिनींचा कायदा आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम हे दोन्ही बांध, उघाडी आणि खारं पाणी यांच्याच व्यवस्थेसाठी होते.

मार्च १९७० मध्ये सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. अख्खं शहर उधाणाच्या पातळीच्या वर उचलायचं तर भराव न परवडणारा. म्हणून डच धर्तीचा मार्ग निवडला. पावसाळी नाले थेट खाडीत सोडायचे नाहीत, आधी एका मोठ्या तलावात आणायचे. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये बांध, बांधात झडपा. भरती चढली की झडपा बंद होतात आणि शहराचं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठा खाडीत जातो. म्हणजे जुनी उघाडीच, फक्त शेताऐवजी शहरासाठी. महापालिकेच्या हद्दीत असे ११ धारण तलाव आहेत. ते बांधले सिडकोने आणि पुढे सांभाळायला आले महापालिकेकडे.

आकडा मांडून बघू, कारण वादात तो कुणीच मांडत नाही. समजा एका तलावाकडे १०० हेक्टरचं पाणी येतं. भरतीच्या तीन तासांत ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि काँक्रीटच्या शहरात तो सगळा वाहून आला असं धरलं, तर साठवायला हवं १,५०,००० घनमीटर पाणी. तलाव १० हेक्टरचा आणि मोकळी खोली दीड मीटर असेल तर ते बरोबर मावतं. तळाशी अर्धा मीटर गाळ बसला की क्षमता उरते १,००,००० घनमीटर. उरलेलं ५०,००० घनमीटर पाणी २० हेक्टरच्या सखल भागात पसरलं तर उंची भरते २५ सेंटिमीटर. तळमजल्याच्या सोसायटीत विजेच्या मीटरांच्या खोलीत पाणी शिरायला तेवढं पुरतं. ही उदाहरणाची गणितं आहेत, कुठल्या विशिष्ट तलावाची नाहीत. पण गाळाचा अर्धा मीटर म्हणजे काय, ते यातून कळतं.

झडप

या व्यवस्थेचा जीव झडपेत आहे. वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेलं जड पान, बाहेरून खाडीचं पाणी दाबलं की आपोआप मिटणारं. मिटताना ते चौकटीला घट्ट बसायला हवं. प्रत्यक्षात चौकटीच्या खालच्या ओठावर निर्माल्यातला नारळ, थर्माकोलचा तुकडा, चपलेचा तळ असं काहीबाही अडकतं आणि चार बोटांची फट राहते. बिजागरी गंजली की पान अर्ध्यावर अडकतं, आणि पूर्ण तुटलेली झडप म्हणजे उघडा दरवाजा. दर साडेबारा तासांनी एक भरती येते. प्रत्येक भरतीबरोबर खारं पाणी आत येतं, पाण्याबरोबर बारीक चिखल येतो, आणि चिखलाबरोबर येतात तिवराची बियाणी.

तिवराला एवढंच लागतं. उथळ खारट पाणी, मऊ चिखल, लाटा नाहीत. धारण तलावाची कड म्हणजे त्याच्यासाठी तयार वाफाच. दोन-तीन पावसाळ्यांत रोपं उभी राहतात, भोवती पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर येतात आणि ही मुळं पाण्याचा वेग मोडतात. वेग मोडला की पाण्यातला चिखल खाली बसतो. चिखल बसला की तलाव आणखी उथळ होतो आणि झाडं आणखी आत सरकतात. म्हणजे नादुरुस्त झडपेनं गाळ आणला, गाळानं झाडं आणली आणि झाडांनी आणखी गाळ धरला. वरच्या अंगानं शहराचा वाटा आहेच: पावसाळी नाल्यांतून येणारी डोंगरउताराची माती, बांधकामाची रेती, आणि चोरून जोडलेल्या मलवाहिन्यांचं पाणी.

इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे कांदळवन मूळचं नाही म्हणून ते कमी दर्जाचं, असा युक्तिवाद काही जण करतात. कायद्यात त्याला जागा नाही. झाड निसर्गानं लावलं की नादुरुस्त झडपेनं, हे कुठलीही अधिसूचना विचारत नाही. आणि बगळ्यांनाही त्यानं काही फरक पडत नाही.

फाइल कुठून कुठे जाते

गाळ काढायचा ठरवला की महापालिकेची फाइल निघते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे नाले बांधणं, राखणं आणि साफ ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य. करू की नको, असा पर्याय तिला नाही. पण कर्तव्य पार पाडायची परवानगी मात्र इतरांकडे मागावी लागते.

सागरी किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवन हे सीआरझेड-१अ मध्ये येतं, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षण. २०१९ च्या अधिसूचनेत १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर आहे. त्यामुळे पहिला मुक्काम राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. दुसरा मुक्काम वन विभाग, त्यातही २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष. ज्या सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून अधिसूचित झालं आहे, तिथं १९८० चा केंद्राचा वन संवर्धन कायदाही लागू होतो आणि फाइल आणखी वर जाते.

तिसरा मुक्काम मुंबई उच्च न्यायालय. २००६ च्या ८७ क्रमांकाच्या जनहित याचिकेत १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठानं निकाल दिला. राज्यभर कांदळवन तोडण्यावर सरसकट बंदी, त्यात राडारोडा टाकण्यावर बंदी, कांदळवनापासून सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, मग जमीन कुणाचीही असो. सार्वजनिक हितासाठी तोड अपरिहार्य आहे असं न्यायालयालाच पटलं तरच सूट. अंमलबजावणीवर देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती.

हा निकाल चांगला आहे, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता म्हणतो. तो नसता तर खाडीकाठचं निम्मं कांदळवन आज टॉवरांच्या पार्किंगखाली असतं. पण तो ज्या शत्रूसाठी लिहिला गेला तो शत्रू म्हणजे रात्री डंपर आणून भराव टाकणारा. धारण तलावाच्या बाबतीत अर्जदार तलाव बुजवायला येत नाही, खोल करायला येतो. दोघांना रांग एकच. फरक असा की मोठ्या प्रकल्पामागे वकील, सल्लागार संस्था आणि पर्यावरण अहवाल तयार असतात. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२,००० कांदळवृक्ष तोडायची परवानगी उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये दिली. त्याच रांगेत वॉर्डातल्या तलावाचा गाळ घेऊन अभियंता उभा राहतो, तेव्हा त्याच्याजवळ बहुधा एक जुना नकाशा आणि चार फोटो असतात.

पाणथळ की नाही

पाणथळ जागांचे नियम आधी २०१० मध्ये आले आणि मग २०१७ च्या नियमांनी ते बदलले. २०१७ च्या व्याख्येतून नदीचं पात्र आणि भातशेती वगळली आहे. पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळले आहेत. ही यादी सावकाश वाचावी. पुराचं पाणी धरण्यासाठी बांधलेला तलाव त्यात नाही. म्हणजे ‘मानवनिर्मित आहे, सबब पाणथळ नाही’ असं जे सरसकट सांगितलं जातं, ते निदान धारण तलावापुरतं या व्याख्येत बसत नाही.

पण आनंद फार टिकत नाही. सीआरझेड आणि वन कायद्यांखालच्या क्षेत्रांतल्या पाणथळींना हेच नियम लागू होत नाहीत, कारण तिथं आधीच दुसरा कायदा आहे असं गृहीत धरलंय. झाडं वाढलेला भाग त्या कायद्यांकडे गेला. झाडं नसलेलं मधलं पाणी या नियमांखाली यायचं तर राज्यानं ते रीतसर अधिसूचित करायला हवं. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये इस्रोच्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागेवर जाऊन मोजणी पूर्ण करायचा आदेश दिला. अशी मोजणी करणाऱ्यानं धारण तलावाची सीमा कुठं धरायची? बांधाची कड, पाण्याची पातळी की झाडांची ओळ, यावर सगळं ठरतं.

आणि झडपेच्या बाहेर? बाहेर ठाणे खाडी. ६ ऑगस्ट २०१५ रोजी १,६९०.५ हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य, त्याभोवती पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र, आणि २०२२ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६,५२१ हेक्टरचं रामसर स्थळ, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. खाडीला आंतरराष्ट्रीय दर्जा आणि तिच्यात रोज दोनदा पाणी ओतणाऱ्या तलावाला साधा सातबाऱ्यावरचा शेराही धड नाही, अशी ही शेजारधर्माची रचना आहे.

पाण्याचा दर्जा

गाळ आणि झाडं यांच्या भांडणात पाणी कसं आहे हे कुणी विचारत नाही. खरं तर या बाबतीत कायदा सगळ्यांत स्पष्ट आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातल्या ‘प्रवाह’ या संज्ञेत नदी, ओढा, भरतीचं पाणी आणि अंतर्गत जलाशय येतात, मग तो जलाशय नैसर्गिक असो वा कृत्रिम. धारण तलाव त्यात बसतो, कुठलीही ओढाताण न करता. कलम २४ प्रमाणे त्यात प्रदूषक द्रव्य सोडता येत नाही, आणि कलम ३३अ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाला थेट निर्देश देता येतात.

मग तलावाला वास का येतो? मानकं मोजली जातात मलप्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची मर्यादा महानगरांत लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि इतरत्र ३० ठेवली, हरित लवादानं २०१९ मध्ये ती १० करायला सांगितली. पण तलावात येणारं मैलापाणी केंद्रातून येतच नाही. जुन्या वसाहतीतली एखादी वाहिनी, गावठाणातला एखादा जोड, गॅरेजमागचं गटार हे सगळं पावसाळी नाल्याला मिळतं आणि भर उन्हाळ्यातही तो नाला वाहतो. फेब्रुवारीत वाहणारा पावसाळी नाला दिसला तर प्रयोगशाळेची गरज नसते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. केंद्राचा कायदा यायच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्ये, राज्यानं स्वतःचा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळही स्थापलं. केंद्राचा कायदा इथं लागू झाला १ जून १९८१ पासून, संविधानाच्या अनुच्छेद २५२ च्या मार्गानं. या मार्गाची एक किंमत असते. कायदा एकदा स्वीकारला की त्यात बदल करायचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे उरत नाही, तो संसदेकडे जातो. धारण तलावात येणाऱ्या पाण्यासाठी वेगळं मानक, वेगळी मोजणी असा बदल त्या कायद्यात मुंबईत बसून करता येत नाही.

खोऱ्याचा कायदा

राज्याच्या हातात मात्र दुसरं बरंच आहे. राज्यसूचीतली १७ वी नोंद वाचली तर त्यात पाणीपुरवठा आणि सिंचनाबरोबर निचरा, बांध आणि जलसाठा हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. धारण तलाव हे तिन्ही आहे. राज्यानं मनावर घेतलं तर त्यासाठी कायदा करायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही.

एक कायदा तर आहेच. २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम खोरेनिहाय नियोजनावर उभा आहे. खोरे अभिकरणांनी आपापल्या खोऱ्याचा आराखडा करायचा, त्यावरून राज्य जलमंडळानं एकात्मिक राज्य जल आराखडा मांडायचा, राज्य जल परिषदेनं तो मंजूर करायचा. ‘प्रदूषण करील त्यानं भरावं’ हे तत्त्वही त्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण खोरे अभिकरण म्हणजे कोण? पाटबंधारे विकास महामंडळं. कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांसाठी कोकण पाटबंधारे विकास महामंडळ, ज्याचं मुख्यालय खुद्द ठाण्यात आहे. धरण, कालवा आणि पाण्याचं वाटप ही त्याची भाषा. पारसिकच्या डोंगरावरून निघून नाल्यातून तलावात आणि झडपेतून खाडीत जाणारं पाणी हेही एक खोरंच, फक्त पाच-सहा किलोमीटरचं. त्याचा आराखडा करायचं काम कायद्यानं ज्याच्याकडे दिलं, त्याच्या कामाच्या सवयीत ते येत नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी पोकळी इथं आहे. झाडाला वन विभाग आहे, किनाऱ्याला प्राधिकरण आहे, नाल्याला महापालिका, सांडपाण्याला मंडळ. डोंगरापासून झडपेपर्यंतच्या अखंड पाण्याला धनी नाही.

नेरुळचं उलटं चित्र

याच शहरात नेरुळला डीपीएस तलाव आहे, जवळजवळ ३० एकरांचा, फ्लेमिंगोंच्या मुक्कामाचा. तिथली तक्रार नेमकी उलटी. तिथं भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकला, शेवाळ माजलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात फ्लेमिंगो मेलेले आणि जखमी सापडले. मागणी होती पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याची. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली.

आता वाशीला झडपा चोख दुरुस्त केल्या, तर खारं पाणी आत यायचं थांबेल आणि तिवरं हळूहळू वाळतील. भरतीचं पाणी अडवणं हीही कांदळवनाची हानीच समजली जाते. म्हणजे झडप बंद करणं हे अभियंत्याचं कर्तव्य, आणि तिच झडप बंद केली म्हणून त्याच्यावर तक्रार होऊ शकते. एकच खाडी, एकच भरती, नेरुळला उघडा म्हणायचं आणि वाशीला मिटा. दोन्ही बरोबर आहे, कारण दोन तलावांचं काम वेगळं आहे. पण काम वेगळं आहे असं लिहून ठेवणारा एकही सरकारी कागद नाही, हाच घोळ.

काय करता येईल

एकेका तलावासाठी एकेक अर्ज घेऊन न्यायालयात जाणं थांबवावं. सगळ्या ११ तलावांचा मिळून एकच आराखडा करावा आणि प्रत्येक तलावाची खोली प्रत्यक्ष मोजून त्यात द्यावी. कुठं किती झाडं, किती जुनी, हेही नकाशावर यावं. मग तलावाचे दोन भाग: नाल्याच्या तोंडापासून झडपेपर्यंतचा पाट आणि मधला खोलगट भाग साठ्यासाठी, कडेचा दाट पट्टा झाडांसाठी. मधल्या भागातली कोवळी रोपं काढावी लागतील, त्याची परवानगी मागावी आणि बदल्यात कडेचा पट्टा कायमचा राखीव द्यावा. झडपा पूर्ण मिटण्याऐवजी कोरड्या ऋतूत ठरावीक प्रमाणात खारं पाणी आत घ्यायचं आणि जूनच्या आधी त्या घट्ट करायच्या, असं वेळापत्रक बसवता येतं. मिठागरवाले हेच करत आले, त्यांना कुणी सल्लागार लागला नाही.

संपूर्ण तलाव साफ करा ही रहिवाशांची मागणी मला पटत नाही. तेवढी झाडं न्यायालय काढू देणार नाही आणि देऊही नये. झाडाला हातच नको ही भूमिकाही इथं चालत नाही, कारण तसं सोडलं तर पंधरा-वीस वर्षांत तलाव राहणारच नाही, चिखलाचं मैदान राहील आणि मग त्या सपाट जागेवर कुणाची नजर पडेल ते नवी मुंबईकराला सांगायला नको.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही ओहोटीच्या तासांचा. परवानग्या मार्चमध्ये हाती आल्या तर त्या वर्षीचं काम गेलंच समजायचं.

शेवटचा प्रश्न निविदेत सगळ्यात खाली, एका ओळीत असतो: काढलेला गाळ टाकायचा कुठे. हा शेताला घालायचा गाळ नाही. खारट आहे, त्यात वर्षानुवर्षांचं मैलापाणी आणि गॅरेजचं तेल मुरलेलं आहे. काढण्याआधी त्यात जड धातू किती ते तपासावं लागेल, सुकवायला जागा लागेल, आणि ती जागा दुसरं खाजण नसावी. ठेकेदाराला हे स्पष्ट बजावलं नाही तर वाशीचा गाळ रात्री घणसोलीच्या तिवरात पडलेला सापडेल, आणि मग त्याच २०१८ च्या निकालाखाली दुसरी तक्रार दाखल होईल.